बेळगावात घरबसल्या गिटारचा अल्बम: मृगापासून शिमग्यापर्यंत

नवीन पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, "माईक कुठला घेऊ?" मी उलट विचारतो, "महिना कुठला धरलायस?" त्यांना वाटतं मी टाळतोय. पण आपल्या गावात घरी अल्बम करायचा तर माईकच्या आधी महिनाच ठरवावा लागतो.

मी शहापुरात राहतो, उद्यमबागेत एका मशीन शॉपच्या टूलरूमला कामाला आहे आणि उरलेल्या वेळात मराठी गाणी लिहून गिटारवर गातो. हे सगळं तशाच माणसासाठी: नोकरी आहे, घर गल्लीत आहे, शेजाऱ्याची न् आपली भिंत एकच आहे, आणि आठ गाण्यांचा स्वतःच्या नावाचा अल्बम काढायचाय. पॉप-रॉक धाटणीचा; गिटार पुढे, मागे बास आणि ड्रम, वर आपला आवाज. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत तासावर पैसे मोजणार असाल तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही.

बेळगाव सुमारे अडीच हजार फुटांवर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओल असते, खानापूरकडे तर विचारूच नका. गिटारचं लाकूड हवेतलं पाणी ओढतं, पुढची फळी फुगते, तारा फ्रेटपासून (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांपासून) वर उचलल्या जातात आणि आवाज बसतो. त्यात वर पत्रे असतील तर पावसाचा मारा प्रत्येक टेकमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या प्रत्येक खेपेत, येणार. मार्च उलटला की पंख्याशिवाय बसवत नाही, आणि पंख्याची घरघर माईकला तुमच्या आवाजाइतकीच ऐकू येते. मग वळीव, विजा, गेलेला करंट. राहतात दिवाळीनंतरचे तीन-साडेतीन महिने. हवा कोरडी, रात्री गार, पंखा बंद. रेकॉर्डिंग तेव्हाच करायचं. बाकीचं सगळं त्याच्या मागे-पुढे बसवायचं.

पावसाळा लिहिण्याचा

मृग लागला की वही काढा. आठ गाणी हवी असतील तर निदान बारा-पंधरा लिहा, कारण काही गळणारच. आई दाराशी येऊन "काय करूलालास रं आत बसून?" म्हणते, तेव्हा "गाणं" एवढंच सांगून मोकळं व्हायचं. कच्ची चाल घरच्यांना ऐकवू नका. ते कौतुक करतात, आणि गाणं तिथंच थांबतं.

मराठी शब्द रॉकच्या चार ठोक्यांत बसवणं हेच यातलं खरं कष्टाचं काम, म्हणून इथे जरा थांबतो. आपल्या भाषेत ऱ्हस्व-दीर्घ कानाला लगेच कळतं. ऱ्हस्व अक्षर पहिल्या ठोक्यावर ठेवून ताणलं की शब्द मोडतो. माझीच एक ओळ घ्या: "तिसऱ्या गेटापाशी गाडी थांबली." टिळकवाडीतल्या रेल्वे गेटांत ज्याची जिंदगी गेली त्याला ती लगेच कळेल. आता 'ति' पहिल्या ठोक्यावर ठेवून ताणून गायलं तर 'तीसऱ्या' होतं आणि ऐकणारा अडखळतो. म्हणून 'तिसऱ्या' अख्खा आधीच्या मापाच्या (चार ठोक्यांच्या गटाच्या) शेवटी उरकायचा आणि 'गे' नेमका एकावर पाडायचा. गे, टा, पा, शी: चारही अक्षरं दीर्घ, चार ठोक्यांवर चार, कुणाला धक्का नाही. प्रत्येक ओळ अशी टाळी धरून तपासा. जिथं बसत नाही तिथं चाल ओढू नका, शब्द बदला.

दुसरी गोष्ट धृपदाची. पॉप-रॉकमध्ये धृपद वर चढतं, आणि वरच्या सुरात 'आ' मोकळा सुटतो, 'ई' आणि 'ऊ' गळा आवळतात. वरच्या सुरावर येणारा शब्द शक्यतो आकारान्त किंवा 'ए'कारान्त ठेवा. 'ऊन' वर ठेवलात तर पहिल्या टेकला जमेल, सातव्याला घसा बसेल.

भाषा घरची वापरा. आपल्याकडे निम्म्या वाक्यांत 'की' आणि 'गा' येतं. ते पुसून पुणेरी छापील मराठी लिहिली तर गाणाऱ्याचं तोंड वेगळं आणि शब्द वेगळे दिसतात. मात्र प्रत्येक ओळीत 'लई' घालून गावरान रंग मारणंही तितकंच खोटं. गाण्यातला माणूस जसा बोलेल तसं.

पट्टी याच दिवसांत ठरवा. धृपदाचा सगळ्यांत वरचा सूर ओरडून नाही, पण जरा जोर लावून लागेल, अशी जागा शोधायची. कॅपो, म्हणजे मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, त्यासाठीच आहे. तबला-पेटीवाला मित्र सोबतीला असेल तर त्याच्या भाषेत सांगायला शिका: सीचे शेप धरून पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की ती काळी एक, जीचे शेप धरून पहिल्यावर लावला की काळी चार. एवढं माहीत असलं की अर्धा तास वाचतो.

आणि वहीत प्रत्येक गाण्यापुढे एक रकाना आखा, 'गिटारचं काम'. एकात सरळ स्ट्रमिंग, एकात बोटांनी एकेक तार, एकात तळहात तारांवर टेकवून दाबलेला ठेका, एकात फक्त रिफ (परत परत येणारा सुरांचा छोटा तुकडा) आणि कॉर्ड नाहीच, एकात सगळ्यांत जाड तार ईवरून डीवर उतरवलेली. दोन गाण्यांपुढे "जी, डी, ई मायनर, सी, स्ट्रम" असं आलं तर एक काढून टाका. चांगलं असलं तरी. गिटारवर उभा राहणारा अल्बम याच रकान्यावर तरतो. आठही गाण्यांत एकच हात फिरत राहिला तर तिसऱ्या गाण्याला माणूस पुढं ढकलतो.

गिटार या काळात पेटीतच ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. आर्द्रता मोजायचं छोटं मीटर फार महाग नसतं. पेटीत ४५ ते ५५ टक्के असलं की बरं. फेब्रुवारीत उलटी गंमत होते, हवा फार सुकते. तेव्हा साबणाच्या डबीला भोकं पाडून आत पिळलेला ओला स्पंज ठेवायचा.

गणपती ते दसरा

या दिवसांत माईक उघडायचाच नाही. ढोल-ताशाचा सराव, मग मंडप, मग डीजे. मोबाईलवर नुसती गिटार आणि आवाज असा डेमो करा आणि कामाला जाता-येता ऐका. मी गाडीवर ऐकत नाही, जीव प्यारा आहे. चहाच्या सुट्टीत ऐकतो. तिथे मागे मशीन चालू असताना जी ओळ ऐकू येत नाही, ती बहुतेक वेळा कमजोर असते.

प्रत्येक गाण्याचा वेग आकड्यात लिहा, मिनिटाला किती ठोके ते. ८८ आणि ९६ यांत कागदावर फरक थोडा दिसतो, पण जोडाक्षरं ठासून भरलेली ओळ ९६ ला तोंडात मावत नाही. वेग ठरवताना अंतरा नाही, धृपद गाऊन बघा.

ढोलकी घालू का, असं मला नेहमी विचारतात. गाण्याला हवी असेल तर घाला. नुसतं "मराठी आहे म्हणून" घालायची असेल तर नको. ठेका मराठी करायला शब्दांचा ताल पुरतो.

गिटार आधी सरळ करा

दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की गिटारची सर्व्हिसिंग. इथे माझा धंदा कामी येतो, आणि उद्यमबागेत निम्म्या लोकांकडे ही हत्यारं असतातच. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, जाड तार मान जिथे पोटाला मिळते त्या फ्रेटवर दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधली फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ०.२ मिलिमीटरच्या आसपास हवी. जास्त असेल तर मानेतला ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी सळई) पाव फेरा आवळा, गिटार रात्रभर तशीच ठेवा, सकाळी परत मोजा. एका दमात पूर्ण फेरा कधीच नको. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची अकूस्टिकला दोन ते अडीच मिलिमीटर चालते.

मग सूर. बाराव्या फ्रेटवर तार नुसती शिवून निघणारा सूर आणि तीच तार दाबून निघणारा सूर ट्यूनरवर एक यायला हवा. दाबलेला चढा येत असेल तर इलेक्ट्रिकवर सॅडल (खालच्या टोकाला तार जिच्यावर टेकते तो तुकडा) मागे सरकवा, म्हणजे तार लांब होते. अकूस्टिकला सॅडल घासावं लागतं. ते माहीतगाराकडे न्या.

तारा अकूस्टिकला १२ ते ५३ चा संच भरदार वाजतो. बोटं कच्ची असतील तर ११ चा घ्या. इलेक्ट्रिकला १० ते ४६. नवीन तारा रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी चढवा, ताणून घ्या, तासभर वाजवा. त्याच दिवशी चढवल्या तर प्रत्येक टेकला सूर उतरत राहील. आणि आपल्याकडे बेसूर खपत नाही हे लक्षात ठेवा. कुमार गंधर्वांचा जन्म इथल्याच सुळेभावीचा, १९२४ चा. गाण्याच्या बैठका ऐकलेली म्हातारी माणसं अजून गल्लोगल्ली आहेत. त्यांना रॉक कळत नसेल, पण चढलेली तार कळते.

दिवाळीनंतर: लाल बटण

१ नोव्हेंबर सोडून द्या. त्या दिवशी एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी लोकांचा काळा दिन, आणि मध्ये तुम्ही माईक लावून बसणार? त्यानंतर सुरू करा.

खोली निवडताना मोठी-छान बघू नका. गाद्या, कपडे आणि सामानाने भरलेली बघा. भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवणं बंद करा, त्याने काही होत नाही. आजीच्या दोन जाड वाकळी दोरीवर टांगून माईकच्या मागे आणि तुमच्या पाठीमागे आल्या की खोलीची घुमघुम बरीच मरते. साड्यांचं कपाट उघडं ठेवलं की आणखी मरते. जमिनीतून येणारी धडधड मात्र वाकळीला ऐकत नाही. वडगाव, खासबाग, शहापूर या भागात माग चालू असतात. खटखटाट भिंतीतून, फरशीतून येतो. माग थांबले की वाजवायचं, एवढाच खरा उपाय. माईकच्या स्टँडखाली जाड फोम ठेवा, आणि आवाज-गिटारच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका.

सामान थोडंच लागतं. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माईक-गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा), एक कंडेन्सर माईक (बारीक आवाजही टिपणारा), एक डायनॅमिक (शूर एसएम ५७ पिढ्यान् पिढ्या चालतोय), कान बंद करणारा हेडफोन. कंडेन्सरला ४८ व्होल्टचं बटण दाबावं लागतं, नाहीतर आवाजच येत नाही. माईक मेला म्हणून परत करू नका. सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. पातळी अशी ठेवा की सगळ्यांत जोराचा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड झालेलं नंतर वाढवता येतं, फाटलेलं सांधता येत नाही.

गिटार वाजवताना घूं असा आवाज येतो, आणि तारांना हात लावला की कमी होतो? मग अर्थिंग किंवा गिटारच्या आतलं शिल्डिंग बघा. जुन्या वाड्यात तीन पिनचा बोर्ड असतो, पण तिसऱ्या पिनला वायर असतेच असं नाही. वायरमन बोलवा. तोवर लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा. इलेक्ट्रिकला सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारं एकाच वेटोळ्याचं चुंबक) असेल तर खुर्ची फिरवून बघा. एका दिशेला घूं कमी होतो.

अकूस्टिकचा माईक भोकासमोर नको, तिथं नुसता ढबढब येतो. बाराव्या फ्रेटकडे तोंड करून एक ते दीड वीत अंतरावर ठेवा, मग कान हेडफोनमध्ये ठेवून बोटाबोटाने सरकवा. हे सरकवणं पुढच्या सगळ्या प्लगइनपेक्षा (आवाजावर काम करणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरपेक्षा) जास्त काम करतं.

क्रम असा: क्लिकवर (कानात वाजणाऱ्या टकटक ठेक्यावर) कच्ची गिटार आणि कच्चा आवाज, त्यावर ड्रम, मग बास, मग पक्क्या गिटारी, मग पक्का आवाज, सोलो शेवटी. खऱ्या ड्रमचा संच गल्लीत वाजवू देणार नाहीत. इलेक्ट्रॉनिक पॅडवर वाजवणारा मित्र गाठा. माणसाने वाजवलेलं, थोडं मागे-पुढे झालेलं, माऊसने टाकलेल्यापेक्षा गाण्याला धरून असतं. बासने ड्रमच्या पायाने वाजणाऱ्या ठोक्याशी जोडीने चालावं, इतकंच.

गिटार रुंद ऐकू यावी असं वाटत असेल तर तोच भाग दोनदा वाजवा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. पहिला कॉपी करून दुसरीकडे टाकलात तर तो फक्त मधेच मोठा होतो. त्याहून चांगली युक्ती: पहिल्यांदा उघड्या जीत वाजवा, दुसऱ्यांदा पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून डीच्या शेपमध्ये. पट्टी तीच, पण दोन्हींचे सूर वेगळ्या जागी पडतात आणि भिंत उभी राहते. इलेक्ट्रिकवर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) तुम्हाला वाटतं त्याच्या निम्मं ठेवा. दोन गिटारी मिळून ते पुरून उरतं.

पण ट्रॅक वाढवायचा मोह आवरा. पॉल मॅकार्टनीने १९७० चा पहिला सोलो अल्बम बराचसा घरी, चार ट्रॅकच्या मशीनवर, सगळी वाद्यं स्वतः वाजवत केला होता. तुमच्या लॅपटॉपवर शंभर ट्रॅक मावतात म्हणून ते भरायचे नसतात. मी एका गाण्याला बारा ही हद्द धरतो.

गाताना उभे रहा. आपल्या भाषेत भ, फ, ख, ध यांची गर्दी आहे, आणि प्रत्येक वेळी हवेचा झोत माईकवर जातो. भरतकामाच्या रिंगला पातळ कापड ताणून मध्ये धरा आणि माईक तोंडासमोरून किंचित बाजूला वळवा. सेकंड शिफ्ट करून आल्यावर गाऊ नका. कूलंटच्या वासाने आणि ओरडून बोलल्याने घसा गेलेला असतो. सुट्टीच्या दिवशी दुपारी, तास-दीड तास, बास. धृपद आधी उरका, अंतरे नंतर.

ऑटोट्यून (सूर आपोआप सरळ करणारं सॉफ्टवेअर) वापरायला माझी हरकत नाही, पण त्याचा वेग मंद ठेवा. आपण एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मींड घेतो, गळ्याची छोटी हरकत घेतो. जलद सेटिंगवर मशीन त्याला चूक समजून पायऱ्या पाडतं. तेवढ्या जागा हाताने सोडवून घ्या.

मिक्स

आठ दिवस काहीच ऐकू नका, मग सगळे ट्रॅक एकमेकांत जुळवायला बसा. इंग्रजी रॉकमध्ये आवाज गिटारीत बुडवलेला चालतो. मराठी माणूस भावगीतावर वाढलाय, त्याला शब्द ऐकायचा असतो. आवाज थोडा जास्तच वर ठेवा. जागा करायला गिटारींतून दोन ते चार किलोहर्ट्झचा पट्टा दोन-तीन डेसिबलने खाली आणा. गिटार एकटी ऐकली तर मंद वाटेल, आवाजासोबत बरोबर बसेल. स, श, च फार टोचत असतील तर पाच ते आठ किलोहर्ट्झवर डी-एसर, हलका.

एकदा मोनोत (डावं-उजवं एक करून) ऐका. एकदा मोबाईलच्या स्पीकरवर. एकदा मित्राच्या कारमध्ये काचा लावून. सगळीकडे शब्द कळले की पुरे. मास्टरिंग (मिक्सवरचा शेवटचा हात) दुसऱ्या कानाकडून करून घेता आलं तर घ्या, कोल्हापूर-पुणे-गोव्यात ओळखी निघतात. स्वतः करणार असाल तर मोठ्या आवाजाच्या मागे लागू नका. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) पातळीवर सगळ्यांना आणून सोडतं. तुम्ही ठोकून सपाट केलेलं गाणं तिथं खाली दाबलं जातं, आणि सपाट ते सपाटच राहतं. शिखर उणे १ डेसिबलच्या वर नको.

क्रम लावताना एकाच पट्टीची दोन गाणी लागोपाठ ठेवू नका, आणि वहीतला तो रकाना परत उघडा: दाबलेल्या ठेक्यानंतर बोटांचं, रिफनंतर स्ट्रमिंग. आठ गाणी, तीस-बत्तीस मिनिटं. हल्ली कोण अल्बम ऐकतो म्हणणाऱ्यांना म्हणू द्या.

बाहेर काढताना

प्रत्येक गाण्याला बारा खुणांचा आयएसआरसी कोड (त्या रेकॉर्डिंगचा ओळख-क्रमांक) लागतो. ऑनलाइन वितरण करणाऱ्या कंपन्या बहुतेक तो देतात. भाषा 'मराठी' निवडा आणि नावाचं रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा, नाहीतर तुमच्याच नावाची दोन कलाकार-पानं तयार होतात. मुखपृष्ठ चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल. तारखेच्या तीन-चार आठवडे आधी चढवा. गीतकार-संगीतकार म्हणून १९६९ पासून चालू असलेल्या आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासदत्व घ्या. ज्या मित्राने रिफ सुचवली त्याचा वाटा किती, हे चहा पितानाच कागदावर लिहा. गाणं चाललं की आठवणी बदलतात.

पहिला कार्यक्रम डिसेंबरात ठेवू नका, सुवर्ण विधानसौधचं (कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीतलं) अधिवेशन लागलं की गावात वाहतुकीचा बोजवारा. शिमग्याच्या आधीची एखादी संध्याकाळ बरी. समोर मराठी असतील, कन्नड असतील, कॅम्पातले कोकणी बोलणारे असतील. शब्द सगळ्यांना कळणार नाहीत, म्हणून सुरुवात रिफवाल्या गाण्याने करा आणि मधे बडबड कमी. माझा बास वाजवणारा मित्र घरी कन्नड बोलतो. धृपदात तो इतका स्पष्ट मराठी गातो की लोक मलाच विचारतात, "तो कुठला गा?"

सगळं झालं की प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग, २४ बिटच्या वेव्ह फाईलमध्ये, नाव घालून बाहेर काढा: "०३_अकूस्टिक_डावी", असं. सॉफ्टवेअर बदलतात, प्लगइन बंद पडतात, वेव्ह उघडते. दोन हार्ड डिस्कवर ठेवा, आणि दुसरी त्याच घरात नको. माझी निपाणीला मावशीकडे आहे, कपाटात, तिच्या पासबुकांखाली. ती सणाला आली की बदलून घेतो.